काट्यावरची रांग आणि रात्री दोनचा बॅकअप

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी काम करतो. वजनकाटा, ऊस नोंद, बिलं, सगळं एकाच मायएसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हरवर आहे. रात्री दोनला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, मायएसक्यूएल-डंप (सगळ्या डेटाची फाइलमध्ये नक्कल) चालतो, तो जीझिपने आकसून थेट यूएसबी डिस्कवर जातो. गाळप सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा ‘लॉस्ट कनेक्शन’ असा मेल येतो. सकाळी हाताने चालवला की काट्यावर पावत्या अडकतात, गाड्यांची रांग लागते. साहेब म्हणतात, हंगाम संपेपर्यंत बॅकअप बंद ठेवा. काय करू?

उत्तर : बंद मुळीच ठेवू नका. साहेबांना सांगा, ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात आणि बिल निघतं ते काट्याच्या वजनावरून. आठवड्याच्या नोंदी गेल्या, तर कुणाचा किती टन आला हे कशावरून ठरवणार?

मला मात्र मेल आलेल्या रात्रींपेक्षा न आलेल्या रात्रींचीच काळजी जास्त वाटते. डंप आणि जीझिप पाइपने जोडले, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला दिलं, की आज्ञा चालवणारा शेल फक्त शेवटच्याचा, म्हणजे जीझिपचा निकाल बघतो. डंप मध्येच तुटला तरी फाइल तयार होते, आज्ञा यशस्वी ठरते. तुम्हाला कळतं ते केवळ मेलमुळे, आणि मेलचा भरवसा किती धरायचा? 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. तेव्हा लक्षात आलं की त्यांचा रोजचा डंप, डंपच्या प्रोग्रॅमची आणि डेटाबेसची आवृत्ती न जुळल्याने, होतच नव्हता आणि तसं कळवणारे मेल परस्पर नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) हाताशी होता, त्यावर निभावलं. म्हणून बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ घाला, म्हणजे डंप तुटला तरी आज्ञा अपयशी ठरेल, आणि फाइलची शेवटची ओळ ‘डंप कम्प्लीटेड’ अशी आहे का, हे स्क्रिप्टलाच तपासू द्या. ती ओळ नसेल तर ती फाइल बॅकअप म्हणून ठेवू नका.

आता ‘लॉस्ट कनेक्शन’. माझा पहिला संशय यूएसबी डिस्कवर आहे. डिस्क संथ पडली की जीझिप थांबतो, त्याच्यामागे डंप थांबतो, आणि समोरचा माहिती उचलत नाही असं दिसल्यावर सर्व्हर जोडणी तोडतो. ती मुदत ‘नेट राइट टाइमआउट’ची, मुळात 60 सेकंदांची. ती 600 करा, डंप आधी सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर घ्या आणि यूएसबीवर नंतर कॉपी करा. त्याच वेळी सर्व्हरचा लॉगही बघा. मेमरी संपून मायएसक्यूएलच बंद पडत असेल, तर दुखणं वेगळं आहे.

पावत्या अडकतात त्या कुलुपामुळे. नुसता डंप चालवला की तो टेबलं लॉक करतो आणि काट्याची नवी नोंद बाहेर ताटकळते. ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला की सुरुवातीच्या क्षणाचं चित्र धरून डंप निघतो आणि लिहिणं चालू राहतं. मात्र हे इनोडीबी या प्रकारच्या टेबलांपुरतंच. मायएसक्यूएल 5.5 च्या आधी मूळ प्रकार मायआयसॅम होता, त्यामुळे जुन्या काटा-सॉफ्टवेअरमध्ये तशी टेबलं सापडतात. ‘शो टेबल स्टेटस’ने बघून घ्या. असली तर ती इनोडीबीत बदलण्याचं काम गाळप संपल्यावर करा, कारण बदलताना टेबल अडकून राहतं. आणखी एक, सॉफ्टवेअरवाल्यांना रात्री दोनच्या सुमारास टेबलांच्या रचनेत बदल करू देऊ नका, त्यानेही डंप फुटतो.

दुसरं बरं मशीन मिळालं तर त्यावर रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत, ठेवा आणि डंप तिथूनच घ्या, मुख्य सर्व्हरवरचा भार उतरेल. रेप्लिकालाच बॅकअप समजू नका. इथे चुकून पुसलेली नोंद तिथेही लगेच पुसली जाते. दोन डंपांच्या मधल्या नोंदींसाठी बिनलॉग, म्हणजे मायएसक्यूएल प्रत्येक बदल टिपून ठेवतो त्या फाइली, तासातासाला दुसरीकडे कॉपी करा.

यूएसबी डिस्क सर्व्हरच्याच खोलीत असेल, तर एक प्रत रोज दुसऱ्या गावी जाऊ द्या. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 फुटांची. तळमजल्यावरच्या खोल्यांचं काय झालं, हे सांगलीकरांना सांगायला नको.

दर आठवड्याला एक डंप जुन्या संगणकावर पूर्ण उतरवा, म्हणजे त्यातून डेटाबेस पुन्हा उभा करा. डंप सुरू होण्याआधीची शेवटची पावती आणि आदल्या दिवसाचं एकूण टनेज काट्याच्या रजिस्टरशी ताडून बघा, आणि उतरवायला किती तास लागले ते साहेबांना लेखी कळवा.