पळी पळी तेल

चि. लेखिकाबाईंस, अनेक आशीर्वाद.

नऊ प्रकरणं वाचली. विद्यापीठाचं तळघर, गरीब पोरांच्या रक्तावर चालणारी विद्या आणि ती शिकायला आलेली तुझी नायिका. दोन रात्री गेल्या माझ्या.

पहिली तक्रार धुक्याची. पानोपानी धुकं, मेणबत्त्या, ओले दगडी जिने. अगं, आपण तापीकाठची माणसं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ ओलांडतो, भरदुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या सामसुमीची भीती नाही वाटत तुला? खिडक्या बंद, कूलरची घरघर, अशी लायब्ररी लिहून बघ.

मेणबत्ती काढायला सांगतोय, त्याला आणखी एक कारण आहे. चाळीसगावजवळ पाटणला जाऊन ये. तिथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्या मठाला मिळालेल्या दानाची ती नोंद. बराचसा मजकूर संस्कृत, पण बाजारातून मठाला काय यायचं ते सांगताना लेख मराठीत उतरतो. (वसुली आली की भाषा लोकांची होते!) त्यात आहे, चालत्या घाण्यामागे पळी पळी तेल मठाला. ते दिव्यात गेलं की फोडणीत, देव जाणे. पण घाणा हाकणाऱ्याचं पोर त्या मठात ग्रहगणित शिकायला बसलं असेल, असं मला वाटत नाही. तुझी कादंबरी त्या पळीत आहे.

नायिका गरीब आहे हे तू सारखं सांगतेस. होस्टेलमधली पोरगी गरिबी सांगत नाही, लपवते. मेसचं बिल थकलं की पोट बिघडलंय म्हणते. मी शिकायला बाहेर गेलो तेव्हा वर्गात तोंडातून ‘आहे’ऐवजी आपलं अहिराणी ‘शे’ निघालं आणि मास्तरांसकट सगळे हसले. पुढे सुट्टीत घरी आलो तरी शुद्ध मराठीच बोलायचो. माय विचारायची, “तुले बरं नही का रे भाऊ?”

सहाव्या प्रकरणात फीमाफीच्या बदल्यात दर पौर्णिमेला रक्त द्यायचा करार आहे. तिथे तू दोन दांडगे आणून तिचा हात धरायला लावलास. नको. फीची शेवटची तारीख उद्या असू दे, क्लार्क सज्जन असू दे, पेनही त्यानेच पुढे करू दे. सही तिची तीच करेल. मग ती संमती होती का, याचा घोर वाचणाऱ्याला लागू दे.

म्हातारीला डाकीण ठरवतात तो प्रसंग जपून लिही. सातपुड्यात हे अजून घडतं, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही. पुष्कळदा मागे जमिनीचा वाद असतो. त्या म्हातारीच्या हातात खरी जादू देऊ नकोस. दिलीस, तर तिला डाकीण म्हणणारे खरे ठरतात.

शेवटी नायिका ‘नाही’ म्हणते आणि दीड पान भाषण ठोकते, तेही पुस्तकी मराठीत. काढून टाक. “हाई मन्हं आंग शे,” एवढंच म्हणू दे तिला. कुलगुरूंना कळलं नाही, तर विचारतील शेजारच्या शिपायाला.

पुढची प्रकरणं कागदावर पाठव, मोबाइलवर डोळे दुखतात.

तुझे,
सर