सुपरहिरो कॉमिक्समध्ये लोकप्रिय पात्रांना मारून पुन्हा जिवंत का करतात? ही वाचकांची फसवणूक नाही का?

भुसावळला माझं पुस्तकं भाड्याने देण्याचं दुकान होतं. मुंबईहून रद्दीत आलेली इंग्रजी कॉमिक्स मी किलोच्या भावाने उचलायचो आणि रेल्वे कॉलनीतली पोरं ती रात्रभरासाठी न्यायची. तुमचा हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल, मोजदाद नाही. माझं मत असं की परत आणणं ही फसवणूक नाही. परत आल्यावर ते मरण जणू झालंच नव्हतं असं वागणं, ही फसवणूक.

आधी कारण सांगतो. सुपरमॅन १९३८ साली आला. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १३० डॉलरला त्याचे सगळे हक्क विकून टाकले आणि तेव्हापासून तो कंपनीचा, म्हणजे आजच्या डीसी कॉमिक्सचा, झाला. लेखक येतो, चार-पाच वर्षं लिहितो, निघून जातो. पात्र तिथेच राहतं. कादंबरीला शेवटचं पान असतं, नाटकाला शेवटचा पडदा असतो, या गोष्टींना दोन्ही नाही. पात्राला म्हातारं होता येत नाही, निवृत्त होता येत नाही. मग लेखकाला काहीतरी मोठं घडवायचं असेल तर हाताशी उरतं काय? मरण. आणि ते पात्र कंपनीची मालमत्ता असल्यामुळे ते कायमचं गाडून टाकायची मुभा त्याला नसते.

आमचं घर यावल तालुक्यातलं, केळीवाल्यांचं, म्हणून मला हे पिलबागेसारखं दिसतं. घड उतरवला की खोड कापतात, पण बुडाशी राखलेलं पील, म्हणजे कोंब, तोवर चांगलं वर आलेलं असतं. त्याच्यावर पुढचं पीक. नवं बेणं नको, नवी लागवड नको, घडही लवकर हाती येतो. नवा हिरो रुजवायचा म्हणजे नवी लागवड, लागेल की नाही याची खात्री नाही. जुन्याची मुळं खोल गेलेली असतात. त्याच्या मरणाचा अंक खपतो, परतण्याचाही खपतो.

१९९२ चा सुपरमॅनचा मृत्यू घ्या. खरं म्हणजे लेखकांना तेव्हा त्याचं आणि त्याच्या प्रेयसीचं, लोइसचं, लग्न लावायचं होतं. पण त्या दोघांवर टीव्ही मालिका येणार होती, म्हणून कंपनीने लग्न पुढे ढकललं आणि रिकाम्या झालेल्या जागी मृत्यू आला. लग्न लागलं ते १९९६ मध्ये. मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आत दंडाला बांधायची काळी फीत. लाखो प्रती गेल्या. पुढे भाव येईल या आशेने कित्येकांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परत आला, आणि ज्याच्या-त्याच्या कपाटात असलेल्या अंकाला कसला भाव येणार! नव्वदच्या मध्यात हा सगळा बाजार बसला. एवढ्या एकाच कारणाने नाही, पण असल्या सट्ट्याचा त्यात मोठा हात होता. १९९६ अखेर मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या कॉमिक्स कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

असं असूनही ती गोष्ट कसबी आहे, हे मी छातीठोक सांगतो. शेवटाकडे येताना एका अंकात पानावर चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन, आणि मृत्यूच्या अंकात पानाला एकच चित्र. वाचताना श्वास आपोआप धरला जातो.

आता वाईट परतणं कसं असतं ते बघा. मार्व्हलच्या एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीतली जीन ग्रे १९८० मध्ये मेली. अफाट शक्तीच्या भरात तिने एक तारा गिळला आणि त्याच्याभोवतीची अब्जावधींची वस्ती नष्ट झाली. लेखक-चित्रकाराने आधी तिला जिवंत ठेवलं होतं. एवढ्या हत्या करून ती मोकळी सुटता कामा नये, असं संपादक जिम शूटर यांनी धरून ठेवलं म्हणून शेवट बदलला आणि ती इतरांसाठी स्वतःचा जीव देते. ते मरण अंगावर येतं. मग १९८६ मध्ये सांगितलं की मेली ती जीन नव्हतीच, खरी जीन पाण्याच्या तळाशी एका कोशात झोपली होती. म्हणजे पापही तिचं नाही आणि त्यागही तिचा नाही! वर तिच्या परतण्यासाठी तिचा जुना प्रियकर स्कॉट आपल्या बायकोला आणि तान्ह्या पोराला सोडून निघून जातो. स्कॉटला तो डाग आजही चिकटून आहे. हे मला कधीच पटलं नाही.

उलट जेसन टॉड. बॅटमॅनचा हा दुसरा रॉबिन, म्हणजे त्याचा पोरसवदा साथीदार. १९८८ मध्ये त्याला मारायचं की ठेवायचं हे वाचकांनी पैसे मोजून फोन करून ठरवलं: मारा म्हणणारे ५,३४३, ठेवा म्हणणारे ५,२७१. फक्त ७२ फोनांनी पोरगं गेलं. २००५ मध्ये तो परत आला ती कारागिरी तकलादू होती, पण आल्यावर तो बॅटमॅनला विचारतो, मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा? इथे मरण पुसलं गेलेलं नाही, तेच मरण दारात येऊन जाब विचारतंय. असं परतणं मला शंभर वेळा चालेल.

तिसरी वाट आपल्याकडच्या वाचकांना आधीपासून ठाऊक आहे. इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीतून घरोघरी वाचला गेला. त्यात बाप मरतो, मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. आपण वाचत होतो तो एकविसावा. माणूस खरोखर मरतो आणि हिरोही टिकतो, कुणाला खोटं बोलावं लागत नाही. वेताळाचे जनक ली फॉक यांनी हे १९३६ मध्येच करून ठेवलं होतं.

सुपरमॅनच्या त्या गोष्टीचे तीन खंड माझ्याकडे होते: मृत्यूचा, त्यानंतरच्या सुतकाचा आणि परतण्याचा. सहावी-सातवीतला एक मुलगा ते न्यायचा. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, अडलं की दुकानातच फळीला टेकून मला विचारायचा. दुसऱ्या खंडात सुपरमॅनची अंत्ययात्रा निघते, सगळं शहर रस्त्यावर येतं, आणि त्याचे आईबाप दूर आपल्या शेतावरच्या घरात टीव्हीवर ती बघत बसलेले असतात. त्याने विचारलं, "काका, हे का नाही गेले?" मी सांगितलं, सुपरमॅन म्हणजे यांचाच मुलगा हे कुणाला माहीत नाही, त्यांना सगळ्यांसमोर रडता येत नाही. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

तिसरा खंड त्याने एकदाच नेला. दुसरा चार वेळा.