वाचकांचे प्रश्न : चट्ट्याचं नाव आधी, मलम नंतर

या अंकासाठी निवडलेली पत्रं जुनाट खाज, खपल्या आणि पुन्हापुन्हा उठणाऱ्या चट्ट्यांबद्दलची आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे : ‘औषध लागू पडत नाही.’ अशा वेळी पहिला संशय निदानावर घ्यावा, दुसरा मात्रेवर आणि सगळ्यांत शेवटी औषधावर. उत्तरं याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न : कोपर, गुडघे आणि डोक्यावर तीन वर्षांपासून जाड खपलीचे चट्टे आहेत. एका डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं, दुसऱ्यांनी नायटा समजून बुरशीच्या गोळ्या दिल्या. नक्की काय आहे हे कसं ठरवायचं?

चट्टा कुठे आहे आणि त्याची कड कशी आहे, यावर निम्मं निदान होतं. सोरायसिसचा चट्टा जाड असतो आणि त्याची कड पेन्सिलीने आखल्यासारखी ठळक असते. वर कोरडी, चंदेरी, थराथराने निघणारी खपली असते. तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच येतो : दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, कंबरेच्या खालचा भाग. निरोगी त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो, सोरायसिसमध्ये तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकलं जातं. खपल्यांचा ढीग साचतो तो म्हणून.

नायट्याचं उलट. त्याची कड उंच आणि जिवंत असते, मधला भाग निवळत जातो आणि वर्तुळ बाहेरच्या बाजूला सरकतं. तो सहसा एकाच बाजूला जास्त असतो. इसबाला अशी ठळक कडच नसते. चट्टा आजूबाजूच्या कातडीत विरत जातो, कधी पाझरतो, आणि खाज इतकी असते की खाजवून खाजवून त्वचा जाड होते व तिच्यावरच्या रेषा खोल दिसू लागतात.

सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसेलच असं नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा करडी दिसते. ‘लाल नाही म्हणजे दाह नाही’ असं मानून आजार सौम्य ठरवणं ही नेहमीची चूक आहे. बोट फिरवून पाहावं. जाडी, खडबडीतपणा आणि ऊब हाताला कळते.

तपासणीत कपड्यांखालचं आणि आडबाजूचंही दाखवा : कानामागे, बेंबी, नितंबांमधली घडी, केसांची कड आणि विसाही नखं. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे, नखाखाली तेलाच्या थेंबासारखा पिवळट डाग, नख टोकाकडून सुटणं या खुणा सोरायसिसकडे बोट दाखवतात. मात्र नखाला बुरशीही लागू शकते, म्हणून तिथे शंका असेल तर नखाचा तुकडा तपासायला द्यावा.

बुरशीची शंका मिटवायला एक साधी तपासणी आहे. चट्ट्याच्या मधून नव्हे, कडेवरून पापुद्रा खरवडायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा १० टक्के द्राव घालून काही मिनिटं थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बुरशी असली तर तिचे धागे दिसतात. आधीचे दोन आठवडे बुरशीचं मलम लावलेलं असेल तर धागे सापडत नाहीत आणि बुरशी असूनही अहवाल कोरा येतो. त्या दिवशी अंगाला काहीही लावून जाऊ नका.

निदान सोरायसिसचं ठरलं तर सांध्यांबद्दल विचारल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं समजू नका. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपणा, एखादं बोट अख्खं फुगणं, टाचेत मागच्या बाजूला दुखणं यांपैकी काहीही असलं तर सांगा. सोरायसिसच्या रुग्णांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत लोकांना संधिवात होऊ शकतो. बहुधा त्वचेचा आजार आधी येतो आणि सांधे काही वर्षांनी. सुरुवातीला क्ष-किरण चित्र साफ असू शकतं. झिजलेला सांधा मात्र पुन्हा भरून येत नाही.

प्रश्न : जांघेतल्या नायट्याला तीन औषधं एकत्र असलेलं मलम लावतो. दोन दिवसांत खाज जाते, थांबवलं की दुप्पट पसरतो.

त्या मलमातलं स्टेरॉइड दाह दाबतं, म्हणून बरं वाटतं. पण त्याच स्टेरॉइडने त्वचेचा प्रतिकारही दबतो आणि बुरशी मोकळी वाढते. नायट्याची ओळखीची कड पुसली जाते, मग निदानही कठीण होतं. जांघेतली त्वचा पातळ असल्याने तिथे औषध जास्त शोषलं जातं आणि ताणाचे पांढरट पट्टे उमटतात. ते कायमचे राहतात.

मलम बंद करा. पुढचे काही दिवस खाज वाढेल, ते अपेक्षित आहे. खरवडून तपासणी करून घ्या, फक्त बुरशीविरोधी मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा आणि त्वचा साफ दिसू लागल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. पसरलेल्या नायट्याला पोटातून औषध लागतं. घरात आणखी कोणाला आहे का ते बघा, नाहीतर तो फिरून परत येतो.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला अॅटोपिक इसब आहे. स्टेरॉइडची भीती वाटते म्हणून अगदी पुसट लावते, तरी चट्टे जात नाहीत. मग किती आणि किती दिवस लावायचं?

तुमची भीती समजण्यासारखी आहे, पण पुसट लावण्याने स्टेरॉइड कमी होत नाही, उलट वाढतं. आजार अर्धवट दबतो, महिनोन् महिने रेंगाळतो आणि अखेरीस एकूण औषध जास्तच लागतं.

माप बोटावर आहे. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, मलमाची एक सलग रेघ काढा. हे साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढी जागा त्यात भागते. बोटांसकट तळवा धरायचा. मूल लहान असलं तरी पेर मोठ्या माणसाचंच. सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या एका अख्ख्या हाताला अडीच पेरं, एका अख्ख्या पायाला साडेचार, छाती-पोटाला साडेतीन, पाठीला पाच लागतात. हे अर्थातच तो भाग सगळा चट्ट्यांनी भरला असेल तर. दोन-चार चट्टे असतील तर तळव्याने मोजा.

चेहऱ्यावर आणि घड्यांत सौम्य स्टेरॉइड, जसं १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन. हातापायांवरच्या जाड चट्ट्यांना डॉक्टर त्याहून तीव्र देतील. दिवसातून एकदा पुरतं. थांबवायचं कधी, हे रंगावरून ठरवू नका. खाज थांबली आणि चट्टा बोटाला गुळगुळीत लागला की थांबायचं, बहुधा एक ते दोन आठवड्यांत. मागे राहिलेला काळपट किंवा फिकट डाग हा आजार नाही, तो आपोआप महिन्यांनी जातो. त्यावर स्टेरॉइड चोळत राहिलात तर त्वचा पातळ होण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

चट्टे त्याच जागी परत परत येत असतील तर त्वचा बरी असतानाही आठवड्यातून दोन दिवस त्या जागांवर औषध लावण्याची पद्धत आहे. स्टेरॉइड नको असलेल्या जागी, उदाहरणार्थ पापण्या, टॅक्रोलिमस वापरतात. दोन वर्षांपुढच्या मुलांना ०.०३ टक्क्यांचं. पहिले काही दिवस ते झोंबतं आणि बहुतेक पालक तिथेच सोडून देतात. झोंबणं सहसा आठवड्याभरात ओसरतं.

याच्या बरोबरीने मॉइश्चरायझर. इथेही हात आखडता घेऊ नका. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमच्या आसपास लागतं. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, साबण नाही किंवा फेस न होणारं सौम्य क्लिन्झर, टॉवेल टिपायचा, घासायचा नाही, आणि तीन मिनिटांच्या आत त्वचा ओलसर असतानाच लावायचं. लव ज्या दिशेने आहे त्याच दिशेने हात फिरवा, नाहीतर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. औषधी मलम आणि मॉइश्चरायझर यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा.

अंदाजाने खाणं तोडू नका. रक्तातली आयजीई (अॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) तपासणी फक्त शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाल्याचं सांगते, तो पदार्थ इसब वाढवतोच असं सांगत नाही. वाढत्या मुलाचं दूध, अंडी अशा अहवालावरून बंद केली की वजन खुंटतं आणि इसब तिथेच राहतो.

मधाळ पिवळी खपली, पू किंवा एकाएकी पाझर वाढला तर जंतुसंसर्ग आहे. आणि एकसारख्या बारीक पुटकुळ्या, त्या फुटून पंचने काढल्यासारख्या गोल जखमा, सोबत ताप आणि वेदना असेल तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं आहे. खरंच आठवड्यातून एकदाच घ्यायचं?

होय, एकदाच. हे औषध रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. मात्रा साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, ठरलेल्या एकाच वारी. तो वार चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्या. गोळ्या २.५ च्याही मिळतात आणि १० च्याही. घरात एकाच ताकदीच्या ठेवा, कारण ‘सहा गोळ्या’ २.५ च्या असतील तर १५ मिलिग्रॅम, आणि १० च्या असतील तर ६०.

फॉलिक अॅसिड मेथोट्रेक्सेटच्या दिवशी सोडून घेतात. सुरू करण्याआधी रक्तगणना, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, मग पहिले काही महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी. रक्त पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी द्यावं. डोसनंतर एक-दोन दिवस यकृताची विकरं (एन्झाइम) तात्पुरती वाढलेली असतात आणि उगाच घबराट होते.

औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असताना डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक सोबत चालत नाही, तेव्हा कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ‘मी मेथोट्रेक्सेटवर आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. तोंडात फोड, ताप, घसा धरणं, कारण नसताना निळे डाग, कोरडा खोकला आणि धाप यांपैकी काही झालं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी तपासून घ्या. दारू नको. गरोदरपणात हे पूर्ण वर्ज्य आहे. मूल हवं असेल तर आधीच बोला.

गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात, पूर्ण निर्णय चार महिन्यांनी. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका.

प्रश्न : पूर्वी एका बिननावाच्या पुडीने पंधरा दिवसांत सोरायसिस साफ झाला होता. आता अंगभर पसरला.

पुडीत पोटातलं स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. ते अचानक थांबलं की सोरायसिस उसळतो, कधी पुवाच्या पुळ्यांच्या रूपात, कधी सर्वांग लाल होऊन सोलतं. ९० टक्क्यांहून जास्त त्वचा सोलत असेल, थंडी वाजत असेल तर दाखल व्हावं लागतं. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर ते घरच्या घरी एकदम बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर झोपलेलं असतं. उरलेली पुडी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : काखेत आणि जांघेत दर दोन-तीन महिन्यांनी गळवं येतात. चिरा देऊन झाला, प्रतिजैविकं झाली. स्वच्छता पाळते, तरी का?

हा अस्वच्छतेचा आजार नाही आणि संसर्गजन्यही नाही. हायड्रॅडेनायटिस सपुरेटिव्हा नावाचा हा दाह केसांच्या मुळाशी सुरू होतो. मूळ बुजतं, फुगतं, त्वचेखाली फुटतं. काख, जांघ, स्तनांखाली किंवा नितंबांवर सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा दुखऱ्या गाठी, आणि जवळ दोन तोंडांचे काळे कण किंवा पाझरणारी भुयारं, एवढं दिसलं की निदान होतं. वेगळी रक्तचाचणी लागत नाही. दुर्दैवाने हे नाव रुग्णाच्या कानावर पडायला अनेकदा कित्येक वर्षं जातात.

नुसता चिरा दिल्याने त्या दिवशीची कळ थांबते, गळू त्याच जागी परत येतं. सौम्य आजाराला १ टक्का क्लिंडामायसिन दिवसातून दोनदा लावायला, मध्यमाला डॉक्सिसायक्लिनसारखं औषध बारा आठवडे. इथे ते जंतूंसाठी कमी आणि दाहासाठी जास्त असतं, म्हणून पाच दिवसांचा कोर्स पुरत नाही. भुयारं झाली असतील तर त्यांचं छत कापून मोकळं करण्याची शस्त्रक्रिया आणि अॅडॅलिम्युमॅबसारखी बायोलॉजिक औषधं (दाह पेटवणारं ठरावीक प्रथिन नेमकं रोखणारी इंजेक्शनं) आहेत. धूम्रपान सोडणं आणि वजन उतरवणं यांनी फरक पडतो. त्या जागी दाढीचं ब्लेड फिरवू नका.

प्रश्न : बायोलॉजिक सुरू करण्याआधी काय तपासावं?

दबलेला क्षयरोग (त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी आणि छातीचं चित्र), हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही. जिवंत जंतूंच्या लशी आधी आटोपून घ्या. आतड्याचा दाहक आजार असेल तर सांगा, इंटरल्यूकिन-१७ हे दाहाचा संदेश नेणारं प्रथिन रोखणारी औषधं त्यात टाळतात.

प्रश्न : हाताच्या इसबासाठी रक्ताच्या अॅलर्जी चाचणीत पन्नास पदार्थ आले. सगळे टाळायचे?

नाही. हाताला स्पर्शातून होणारी अॅलर्जी रक्तात दिसत नाही, तिला पॅच टेस्ट लागते. पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांनी वाचतात. दुसरं वाचन चुकवलं तर उशिरा उमटणारी अॅलर्जी निसटते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, आणि आधी आठवडाभर पाठीला स्टेरॉइड नाही. निकेल, केसांच्या रंगातलं पीपीडी, सुवासिक द्रव्यं, रबरी हातमोज्यांतली रसायनं आणि शाम्पू-लोशन टिकवण्यासाठी घालतात ते मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे नेहमीचे दोषी. कामाच्या जागी वापरता त्या बाटल्यांची लेबलं सोबत न्या.

प्रश्न : बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणं) खरंच हवी का?

चित्र स्पष्ट असेल तर नको. पण निदान डळमळत असेल, नीट मात्रेत औषध घेऊनही गुण नसेल, किंवा ऊन न लागणाऱ्या जागी, म्हणजे नितंब, मांड्या, स्तनांवर, वर्षानुवर्षं पातळ चट्टे असतील तर जरूर करा. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतला संथ लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) हुबेहूब इसबासारखा दिसतो, आणि बायोलॉजिक सुरू करण्याआधी तो नाही याची खात्री हवीच. पहिल्या तुकड्यात तो सापडेलच असं नाही, काही महिन्यांनी पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

भूल देऊन चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एखादा टाका पडतो. आधी दोन ते चार आठवडे त्या चट्ट्यावर स्टेरॉइड लावू नका आणि खाजवून सोललेला भाग निवडू देऊ नका. कागदावर नुसतं ‘चट्टा’ न लिहिता संशयित आजारांची नावं, किती दिवसांचा आणि आधी काय लावलं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तुकडा पाहणाऱ्याला तेवढीच वाट सापडते.