खर्ज आधी ऐक

प्रिय पोरी,

तुझे कान खराब नाहीत. फोनवर ब्लॅक सबॅथ हा इंग्लंडचा जुना हेवी मेटल बँड ऐकलास आणि "संथ आहे, पोकळ वाटतं, लोक उगाच डोक्यावर घेतात" असा निकाल देऊन मोकळी झालीस, एवढंच झालंय. दुसरं दुखणं बेसचं, म्हणजे खालच्या सुरांच्या त्या बेस गिटारचं. गॅदरिंगसाठी पोरांनी गिटारी आपसात वाटून घेतल्या आणि उरलेला बेस तुझ्या गळ्यात मारला, म्हणून तुला रडू आलं. राग मलाही आला, पण आपण हातातून काय घालवलं हे त्या पोरांना कळलेलं नाही, याचा.

मला एकच सांगायचंय आणि पत्रभर तेच सांगणार आहे. खर्ज आधी ऐक.

बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडलीस की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. फोनचा नखाएवढा स्पीकर दोनशेच्या खाली जवळजवळ मुका असतो. वरचे अंश तेवढे बाहेर येतात आणि खालचा सूर मेंदू अंदाजाने भरून काढतो. म्हणजे तू सबॅथ ऐकलास तो निम्मा, आणि उरलेला निम्मा मनाने रचलास. अशा ऐकण्यावर मत बनवायचं नसतं.

तू मिरजेची आहेस, तुला हे मी सांगावं म्हणजे कमालच. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात तंबोरे लागताना ऐकलेत ना? जोडाच्या तारा लागतात तोवर नुसती तयारी चाललेली असते. शेवटची पितळी तार, खर्जाची, जागेवर आली की बसलेले लोक बोलायचे थांबतात. सबॅथमध्ये बेस वाजवणारा गीझर बटलर म्हणजे ती तार.

आता पोरं तुला सबॅथचा गिटारवाला टोनी आयोमी याची गोष्ट सांगतील. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, त्यांवर चामडं लावलं आणि हलक्या तारा चढवल्या. गोष्ट खरी आहे, मोठीही आहे, पण सगळे तिथेच थांबतात. तू पुढचं ऐक. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' अल्बममध्ये त्याने गिटार तीन अर्धसूर खाली उतरवली, तारा ढिल्या झाल्या, बोटांना सोपं गेलं. गिटार उतरली तसा बेसही उतरला, ४१ वरून ३५ च्या आसपास. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' आणि 'इन्टू द व्हॉइड' त्या खोलीवर वाजतात. मेटलमध्ये पुढे कितीतरी बँड त्याच खोलीत राहायला गेले.

आणि हे तुझ्या त्या पोरांना मुद्दाम ऐकव: गीझर आधी गिटारच वाजवायचा. १९६८ मध्ये हे चौघे एकत्र आले, आयोमीला दुसरी गिटार नको होती, म्हणून हा बेसकडे वळला. बँडच्या बहुतेक गाण्यांचे शब्द पुढे त्यानेच लिहिले, गायक ऑझी ऑस्बर्नने ते गायले. बेस उरलेल्याला देतात म्हणे!

ऐकायचं कसं? पहिलाच अल्बम घे, बँडच्याच नावाचा, १३ फेब्रुवारी १९७० चा. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ सगळा एका दिवसात वाजवून टाकलेला. पहिल्या गाण्यात पाऊस आणि घंटा येते, मग तीन सूर: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. यमनात हाच मध्यम किती गोड लागतो! इथे त्याच्या आजूबाजूला गंधार नाही, पंचम नाही, एकटाच उभा आहे, म्हणून पोटात गोळा येतो. गिटारकडे लक्ष देऊ नकोस. जाईल कुठे ती? खाली गीझर काय करतोय ते ऐक. मग 'एन.आय.बी.' लाव, त्याची सुरुवातच एकट्या बेसने होते. 'पॅरनॉइड' अल्बममधलं 'हँड ऑफ डूम'ही बेसपासूनच उठतं. आणि बिल वॉर्डचा ड्रम: तो जॅझ ऐकत वाढलेला, म्हणून संथ गाण्यातही झोका आहे. तुला जे "स्लो" वाटलं ते तिथे झुलतंय. खर्ज ऐकल्याशिवाय ते कळायचं नाही.

सबॅथमध्ये गिटार एकच, हेही विसरू नकोस. मंचावर आयोमी सोलोला वर गेला की खाली दुसरी गिटार नसते. बेसने घर सांभाळायचं, आणि हा पठ्ठ्या घर सांभाळता सांभाळता बेसलाही गायला लावतो, तारा ताणतो.

माझं विचारशील तर मी सबॅथ कित्येक वर्षं भरून आणलेल्या कॅसेटवर, एकाच स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर ऐकला. सांगलीत तेव्हा दुसरं मिळत काय होतं? मग माझ्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात एक पंधरा इंची स्पीकर नवा कागदी कोन बसवून तपासायला लावला होता, त्यावर सहज ती कॅसेट लावली. ओळखीची गाणी अनोळखी झाली. आनंद झालाच, पण त्याहून जास्त हळहळ वाटली. त्या वयात अंगात जी रग असते ती निम्म्या गाण्यावर खर्ची पडली. ती आता कुठून आणू? तुला एवढं तळमळून लिहितोय ते त्यासाठी.

तुझी काकू म्हणते, या हट्टापायी मी दुकान वाढवलं नाही. माझ्या बरोबरीच्या लोकांनी डीजेच्या भिंती भाड्याने दिल्या, दुमजली घरं बांधली. मी नाही दिल्या. विसर्जनाच्या मिरवणुकीत ती भिंत समोरून जाते तेव्हा छातीत धडका बसतात हे खरं, पण त्यातला सूर कुठला ते ओळखून दाखव. खालचा आवाज नुसता मोठा केला म्हणजे खर्ज होत नाही, तो सुरात हवा. हे मी किती मंडळांच्या पोरांना सांगितलं असेल! ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दुकानात जायचे. जाऊ देत. माझ्याकडून गेलेला एकही स्पीकर फाटका वाजत नाही, आणि दुमजली घराची मला खरोखर गरज नव्हती. काकूला होती, ते वेगळं.

विषय भरकटला. जुलै २०२५ मध्ये ऑझी गेला, त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी चौघे बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचे एकत्र वाजले. तेव्हापासून तुमच्या कॉलेजात सबॅथचे टी-शर्ट दिसायला लागलेत. घालू देत. तू त्या वादात पडू नकोस, ऑझीनंतर आलेला गायक डिओ मोठा की ऑझी यातही पडू नकोस. १९८० च्या 'हेवन अँड हेल'मध्ये गायक बदलला तरी बेस गीझरचाच आहे, तुला तेवढं पुरे.

हेडफोन घ्यायला पैसे नसतील तर घेऊ नकोस, माझ्याकडचे जुने, कानभर झाकणारे दोन आहेत, त्यातला एक ने. इक्वलायझरशी खेळून बेस वाढवू नकोस, हात लावशील तर बघ. आठवडाभर फक्त पहिला अल्बम. गाणी पुढे ढकलायची नाहीत. मग 'हँड ऑफ डूम'ची सुरुवात बोटांनी बसव, पिकने नको. त्या पोरांनी गॅदरिंगला कुठलं गाणं घ्यायचं म्हणून विचारलं तर तेच सांग. त्यांना सुरुवातीला गप्प उभं राहावं लागेल.

तुझा,
काका