पैसे दिले म्हणजे केस मिटली असं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गाडी लावण्यावरून धाकट्या भावाची शेजारच्या काकांशी बाचाबाची झाली, ढकलाढकलीत काकांचं मनगट मोडलं आणि त्यांच्या मुलाने एफआयआर केली. आता दोन्हीकडचा राग उतरलाय, काकांना दवाखान्याचा खर्च हवाय आणि भावाने समोर येऊन माफी मागावी एवढंच. पोलीस म्हणतात आता आमच्या हातात नाही, ओळखीतला एक जण म्हणतो स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, पैसे द्या, ते केस मागे घेतील. द्यायचे का?

असे नका देऊ. एफआयआर मागे घेणं फिर्यादीच्या हातात नसतंच मुळी, ती दाखल झाली की केस सरकार विरुद्ध तुमचा भाऊ अशी चालते आणि तो स्टॅम्प पेपर एकट्याने केस बंद करू शकत नाही. नंतर समन्स आलं की समोरचा म्हणायला मोकळा, पैसे तर औषधपाण्याचे होते.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२), शिक्षा ७ वर्षांपर्यंत. आकडा ऐकून धडकी भरते, पण हाच गुन्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये कोर्टाच्या परवानगीने तडजोड होणाऱ्यांच्या यादीत आहे. (नुसती साधी दुखापत असती, ११५(२), तर परवानगीही लागली नसती.) परवानगी ज्या कोर्टात केस चालू आहे तेच देणार, म्हणून चार्जशीट कोर्टात गेलीये का ते आधी बघा. आणि सही काकांची लागेल हं, मुलाची नाही. फिर्याद मुलाने दिली असली तरी मार काकांना लागलाय, तडजोडीचा हक्क जखमी माणसाचा. हे लोक हमखास चुकतात.

मग दोघांनी मिळून कोर्टाला सांगायचं, आम्हाला मध्यस्थीला पाठवा. तिथे मध्यस्थासमोर जे बोललं जातं ते गोपनीय असतं, त्यामुळे तिथली माफी उद्या कबुलीजबाब म्हणून भावावर उलटवता येत नाही. घरी चारचौघांसमोर मागितलेल्या माफीला हे संरक्षण नाही. मला तर वाटतं काकांना पैशापेक्षा ती माफीच जास्त हवीये, ती नीट होऊ द्या. पैशाचं म्हणाल तर बिलांवरून आकडा ठरवा, तडजोडीच्या पुरसिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, तो लिहा आणि रक्कम त्याच तारखेला बँकेतून द्या. जज काकांना विचारतील, दबाव आहे का, स्वखुशीने करताय का, तेव्हा काका स्वतः हजर हवेत. परवानगी मिळाली की परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच.

आता गोची. तुम्ही पाठवलेल्या एफआयआरच्या फोटोत शेवटून तिसऱ्या ओळीत 'लोखंडी पाइपने मारले' असं लिहिलंय, तुम्ही मात्र नुसतं ढकललं म्हणताय. चार्जशीटमध्ये हत्याराचं कलम ११८ लागलं असेल तर ते ३५९ च्या यादीत नाही, खालचं कोर्ट किंवा लोकअदालत ते मिटवू शकत नाही, आणि अशा गुन्ह्यात पैसे घेऊन आरोपीला सोडवायचा सौदा हाच वेगळा गुन्हा होतो, घेणाऱ्याचाही आणि देणाऱ्याचाही. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली हायकोर्टात केस रद्द करून मागावी लागते. सुप्रीम कोर्टाने ग्यान सिंग केसमध्ये २०१२ साली हा रस्ता मान्य केलाय, खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांना मात्र नाही. तिथेही काकांचं अ‍ॅफिडेव्हिट लागेलच.

भावाच्या नोकरीचं विचारलंत, तर फॉर्ममध्ये कधी गुन्हा दाखल झाला होता का असं विचारलं असेल तर तडजोड झाली तरी खरं तेच लिहायचं. नोकरी बऱ्याचदा गुन्ह्यापेक्षा लपवल्यामुळे जाते.

तेव्हा आकड्यावर बोलण्याआधी चार्जशीटची नक्कल आणि काकांचं जखमेचं सर्टिफिकेट वकिलाला दाखवा. भावाला अजून वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, नियमात बसत असाल तर फी लागणार नाही.