जुने मराठी रहस्यकथाकार इंग्रजीवरून उचलायचे म्हणतात, मग ते वाचायचे कशाला?

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. बँकेत आहात, बदलीनं कोल्हापुरात आलात, संध्याकाळ मोकळी असते आणि रहस्यकथा लिहायची आहे. अर्नाळकर, शिरवळकर, गुरुनाथ नाईक ही मंडळी 'सगळं इंग्रजीवरून उचलायची' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. तेव्हा मराठीत वेळ घालवू की थेट इंग्रजी वाचू, आणि यात चार पैसे मिळतात का, असं तुमचं म्हणणं.

आधी मला सांगा, हे 'कुणीतरी' कोण? आमचे दाजी तर नव्हेत?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका कॉलेजात मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. १९८९ च्या भाऊबीजेला पंगत बसलेली, मी नुकता पाटावर टेकतोय, आणि दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्याचं काय, इंग्रजी पुस्तक घ्यायचं, जॉनचा जनार्दन करायचा, झाली कादंबरी." सगळे हसले. आईसुद्धा हसली. पण ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

मी तेव्हा सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाबाहेर टायपिंगला बसायचो. (जिल्हा न्यायालय आता कसबा बावड्याला आहे आणि जुन्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. सहा जिल्ह्यांचे वकील त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधत फिरतात.) लाकडी टेबल, गोदरेजचं मराठी मशिन, वर ताडपत्री. पावसाळ्यात कार्बन दमट व्हायचे आणि तिसरी प्रत वाचता यायची नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वटमुखत्यारपत्रं. गिऱ्हाईक नसलं की त्याच मशिनवर कादंबरी.

पहिलीचं नाव सांगत नाही, लाज वाटते. मलबार हिलवरचा बंगला, रावबहादूर, अभ्यासिकेत मृतदेह, पाइप ओढणारा गुप्तहेर. मी तोवर मुंबई एकदाच पाहिलेली, तीही मामाच्या लग्नात. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर खुन्याच्या खांद्यावर हात ठेवतो, खुनी ढसाढसा रडतो, सगळं कबूल करतो. समाप्त.

एक हवालदार अधूनमधून काहीतरी टाइप करून घ्यायला यायचे. एकदा मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात त्यांनी ड्रॉवरमधली शेवटची पानं वाचून काढली. मी परत आलो तर म्हणतात, "आरं, ह्यो सुटला की."

"कोण?"

"तुझा खुनी. साहेबाम्होरं कबुली दिली न्हवं? ती गेली पंचगंगेत. जज्ज इचारनार, दुसरं काय हाय? काय हाय तुझ्याकडं? पाइप?"

१८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मारल्यावर कुणीही काहीही कबूल करतो, हे इंग्रजांनाही माहीत होतं. त्यातून जी फट राहते ती कलम २७ ची. आरोपीनं सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या सांगण्यातला तेवढाच भाग चालतो. हवालदारांनी त्या दुपारी पानटपरीसमोर उभं राहून मला निवेदन पंचनामा करून दाखवला, टपरीवाला आणि मी पंच. आरोपी दोन पंचांसमोर सांगणार, 'हत्यार कुठं लपवलंय ते दाखवतो, माझ्यासोबत चला, काढून देतो.' त्याच्या सह्या. मग जीप, पुढं आरोपी दाखवेल तो रस्ता. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं वस्तू काढायची, कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. मग ती कागदात गुंडाळायची, दोऱ्यानं बांधायची, पंचांच्या सह्यांचं लेबल आत, वर लाखेचं सील. "आन पंच म्हंजे कोन," ते म्हणाले, "तर कोर्टात उलटणारी दोन माणसं." टपरीवाला माझ्याकडं बघायला लागला.

आणि असल्या पंचनाम्यांच्या नकला मी आठवड्याला दहा-बारा टाइप करत होतो! बोटांना पाठ होत्या, डोक्यात एक अक्षर शिरलं नव्हतं. डोक्यात मलबार हिल होतं ना.

तुम्ही आज लिहाल तर जुनी कलमं टाकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात हे सगळं कलम २३ मध्ये एकत्र आहे. खुनाची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या १०३ मध्ये गेली. बोलताना मात्र पोलीस, वकील, आरोपी सगळे अजून जुन्या दंडसंहितेतलं 'तीनशे दोन'च म्हणतात. संवादात तेच ठेवा.

तर दुसरी कादंबरी मी मुंबईत घडवली नाही. आत्याच्या गावाला, पन्हाळ्याच्या बाजूला, तीन रात्री गुऱ्हाळावर काढल्या. काहिलीत रस उकळतोय, भेंडीचा रस घालून वर आलेली मळी काढतायत, गुळव्या मधेच पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतोय. पहाटे तीनच्या सुमाराला काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं (रस काढून उरलेला ऊस) घालणारा पोरगा करवादला, "वरची चिपाडं वली कशी? वाळल्याली व्हती की." कारण काही नव्हतं. संध्याकाळी बारकी पोरं ढिगात खेळून गेली होती, खालची ओली चिपाडं वर आली होती. पण मला त्या ढिगाखाली कोयता दिसला. खुन्यानं रात्री ढीग उपसून ऊसतोडीचा कोयता पुरला, परत ढीग रचला, आणि ओलं-सुकं उलटं झालं. गावात हे कुणाला कळणार? जाळ लागत नाही म्हणून ज्याला शिव्या बसतात, त्यालाच. शेवटी कबुली नाही, निवेदन पंचनामा. हवालदारांनी वाचली आणि म्हणाले, "ह्याला लागतीया जन्मठेप." मला एवढं कौतुक पुन्हा कुणी केलेलं नाही.

१९८८ ला छापून आली. प्रकाशकाचं पत्र आलं, 'गोष्ट संथ आहे. लायब्ऱ्यांना वेगवान लागते. दोन महिन्याला एक जमेल का?'

आणि इथं मी माती खाल्ली. रविवारी रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी पॉकेटबुक घेतलं. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळं लेखक कोण ते मला आजवर ठाऊक नाही. अमेरिकेतलं तळं होतं, त्याचा रंकाळा केला. बर्फ होतं, त्याचा आषाढातला चिखल केला. चिठ्ठी फायरप्लेसमध्ये जाळली होती, ती मी न्हाणीतल्या बंबात जाळली, आणि स्वतःवर खूश झालो. गाडी होती, तिची अँबेसेडर केली. रंकाळ्याच्या काठाला उभी अँबेसेडर, स्टिअरिंगवर बसलेला माणूस, डाव्या हाताचं कोपर खिडकीवर टेकवलेलं, बाहेरून आलेली गोळी डाव्या कानशिलात. सोळा दिवसांत लिहून दिली, पैसे आले.

भाऊबीजेला दाजींनी नेमकी तीच वाचलेली. 'जॉनचा जनार्दन' म्हणून सगळे हसल्यावर त्यांनी पाटावर बसूनच दोन्ही हात पुढं धरले, हवेतलं स्टिअरिंग. मग डावं कोपर उचललं आणि शेजारी बसलेल्या माझ्या चुलत्यांच्या छातीवर टेकवलं. "हा ड्रायव्हर शेजारच्याला ओलांडून खिडकीपर्यंत हात नेतोय. गाडी कोल्हापूरची हाय का शिकागोची?"

मी करंजी तशीच ठेवून उठलो. दाजी बरोबर होते, हेच तर दुखणं आहे. पण त्या एका कोपरावरून त्यांनी अख्ख्या मराठी रहस्यकथेवर जो निकाल दिला, तो गेली पस्तीस-छत्तीस वर्षं मी प्रत्येक सणाला ऐकतोय, आणि आता तुमच्या तोंडूनही ऐकला.

उचल कुणी केली नाही? एडगर ॲलन पोनं १८४१ ला द्युपाँ नावाचा हेर उभा केला. कॉनन डॉयलनं तीच जोडी घेतली, हुशार माणूस आणि त्याची गोष्ट सांगणारा मित्र. वर शेरलॉक होम्सच्या पहिल्याच पुस्तकात होम्सच्या तोंडून द्युपाँला कमअस्सल म्हणवून घेतलं. जेम्स हॅडली चेस मूळचा लंडनचा, नकाशे आणि अमेरिकन बोलीचे शब्दकोश समोर ठेवून अमेरिका लिहायचा. रेमंड चँडलरच्या लेखनातून उचल केल्याबद्दल त्याला जाहीर माफी मागावी लागली. त्याला कुणी 'इंग्रजी वाङ्मयावरचा डाग' म्हणत नाही, रेल्वे स्टेशनवर अजून विकला जातो. अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड यांच्यावर इंग्रजी साहसवीरांची सावली आहे, असेल, आहेच. पण हजाराच्या वर पुस्तकं लिहून त्या माणसानं गिरणगावापासून गडहिंग्लजपर्यंत लोकांना वाचनाची चटक लावली. माझ्या वडिलांचं शिक्षण चौथी. काळापहाड नसता तर त्यांनी पेपरापलीकडं काही वाचलंच नसतं. दाजींच्या अभ्यासक्रमातलं एकही पुस्तक त्यांनी उघडलेलं नाही, आणि ह्यात चूक कुणाची ते दाजींनी ठरवावं.

शिरवळकरांचं पण तेच. लोक आता त्यांना 'दुनियादारी'मुळं ओळखतात. आम्ही त्यांचे नायक दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन यांच्यासाठी लायब्ररीत नंबर लावायचो. त्यांचे संवाद वाचा. पुण्यातली पोरं जशी बोलतात तशीच बोलतात, कुठल्या इंग्रजी पुस्तकातून ते उचलता येईल सांगा.

इंग्रजीतलं एकच नाव सांगतो, कारण ते हवालदारांच्या बाजूचं आहे. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम करायची. तिथं विषं कळली. १९२० ला तिची पहिली कादंबरी आली तेव्हा औषधशास्त्राच्या पत्रिकेनं तिच्यातल्या विषाच्या अचूकपणाची तारीफ केली. बाटल्या भरता भरता लेखिका झाली ती. तुम्ही बँकेत आहात. सोनेतारण, बनावट जामीनदार, मेलेल्या माणसाच्या खात्यावर येत राहणारी पेन्शन, हे सगळं तुमच्या काउंटरवर पडलंय, आणि तुम्ही विचारताय कुणाला वाचू! (गिऱ्हाइकाची खरी नावं, खाती वापरू नका, नोकरी जाईल. हे आधीच सांगायला पाहिजे होतं.)

आणि बंगालीतून एक. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी. त्याला डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. शरदिंदू १९५२ पासून पुण्यात राहायचे, नंतरच्या बऱ्याच ब्योमकेश कथा त्यांनी तिथं बसून लिहिल्या. पुण्यात बसून कलकत्ता लिहिलं, पण ते शहर त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. मलबार हिल माझ्या हाडात नव्हतं.

पैशाचं. मिळत नाहीत. आमच्या वेळी प्रकाशक एकरकमी पैसे देऊन हक्कासकट घ्यायचे, पुढं कितीही छापोत. पुस्तकं खपायची ती लायब्ऱ्यांत. आधी टीव्ही आला, मग केबल, आणि गल्लीतल्या लायब्ऱ्यांची मोबाईल रिचार्जची दुकानं झाली. आता स्टोरीटेलसारखी ॲपं आहेत, ऐकणारे लोक रहस्यकथा आवडीनं ऐकतात म्हणे. मी अजून तिकडं गेलो नाही, त्यामुळं माझ्यावर जाऊ नका. सुरुवात दिवाळी अंकांपासून करा. 'धनंजय', 'नवल' यांच्याकडं रहस्य-गूढाला जागा असते. लवकर पाठवा, दिवाळी तोंडावर आल्यावर नव्हे. करवीर नगर वाचन मंदिराचं सभासद व्हा, १८५० सालची संस्था आहे. बँक सोडू नका. मीही टायपिंग कधी सोडलं नाही, ते मला सोडून गेलं.

तर मराठी वाचायचं की इंग्रजी? दोन्ही वाचा. कथानक कुठूनही सुचू दे, त्याला कुणी विचारत नाही. फक्त लिहिल्यावर खुर्चीत बसून तुमच्या माणसाचा हात खिडकीपर्यंत पोचतो का, ते एकदा करून बघा.

दाजींबद्दल जरा जास्त बोललो. माणूस वाईट नाही, माझ्या मुलीच्या ॲडमिशनला त्यांनीच धावपळ केली. पण माझ्या एकोणीस पुस्तकांपैकी त्यांनी वाचलं ते नेमकं चोरीचं एक. गेल्या महिन्यात ताईकडं गुऱ्हाळाच्या कादंबरीची माझ्याकडची शेवटची प्रत ठेवून आलो. काल तिचा फोन होता. म्हणाली, वाचतायत वगैरे काही नाही, टीपॉयवर पडलंय नुसतं, पण एकतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलाय.

चिपाडं चाळीसाव्या पानावर येतात.