ओढ्याकाठचे प्लॉट आणि कृष्णेचा फुगवटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीजवळ कृष्णेला मिळणाऱ्या ओढ्यालगत आमची तीन एकर जमीन आहे. तिथे चाळीस घरे बांधायची आहेत. सल्लागारांच्या पूर-अभ्यासात ओढ्याचे पाणी काठाबाहेर येतच नाही. पण २०१९ साली याच जमिनीत कमरेएवढे पाणी होते. हिशेब चुकला का?

उत्तर : चुकला नसेल, पण अर्धाच झाला असावा. समजा ओढ्याचा पाणलोट २०० हेक्टर आहे, पाऊस तासाला ६० मिलिमीटर आणि वाहून येण्याचा गुणांक ०.५. तिन्हींच्या गुणाकाराला ३६० ने भागले की सेकंदाला साधारण १७ घनमीटर पाणी येते. एवढे पाणी धड खोदलेला ओढा सहज नेतो. सांगलीत पाणी चढते ते बहुतेक वेळा खालून, कृष्णेच्या फुगवट्याने. पुराची पातळी काढणाऱ्या ‘हेक-रास’ या संगणक-प्रणालीत खालच्या टोकाला नुसता ओढ्याचा उतार भरला, तर प्रणालीला कृष्णा दिसतच नाही. तिथे नदीची पूरपातळी द्यायला सांगा आणि दोन्ही आकडेमोडी मागा : नदी नेहमीच्या पातळीवर असताना ओढ्याला आलेला पूर, आणि नदी फुगलेली असताना पडलेला पाऊस. जी पातळी जास्त येईल ती धरायची.

सांगलीतल्या आयर्विन पुलाची पाणीपातळी मोजणारी पट्टी फुटांत बोलते. तिथे इशारा ४० ला, धोका ४५ ला, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. पूररेषेचे नकाशे मात्र समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात. पट्टीचे फूट नुसते मीटर करून नकाशावर बसवले, तर सगळेच उत्तर चुकते. सर्वेक्षकाने पातळी खात्रीच्या बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) आणली आहे का, ते विचारा. ओढ्याचे आडवे छेद (रुंदी-खोलीची मापे) पावसाळ्याआधी, मोकळ्या पात्रात घेतले असतील तर खडबडीतपणाही तपासा. स्वच्छ मातीच्या पात्राला मॅनिंगचा ‘एन’, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, ०.०३ चालतो. ऑगस्टमध्ये वेली, झुडपे माजली की तोच ०.०७ च्या पुढे जातो.

पूररेषा दोन : निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नाहीच. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवे. त्यासाठी अख्खी जमीन मुरूम टाकून उचलू नका. तीन एकरांवर मीटरभर भराव म्हणजे १२ हजार घनमीटर पुराच्या पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. खांबांवर घर घ्या, खाली पार्किंग ठेवा.

प्रश्न : ओढ्याकडेला पाणथळ केली तर पूर अडेल आणि सांडपाणीही शुद्ध होईल, असे सांगतात. खरे का?

उत्तर : एकाच खड्ड्याकडून दोन्ही कामे होत नाहीत. शुद्धीकरणाची पाणथळ कायम भरलेली असते. तिच्यात पावसाला जागा कुठली? तुमच्याच आवारावर ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि ७० टक्के वाहून आला, तर सव्वाचारशे घनमीटर पाणी होते. त्यासाठी मीटरभर खोल, सव्वाचार गुंठ्यांचे वेगळे, रिकामे तळे लागेल. ओढ्याकडच्या पाइपला झडप बसवा, म्हणजे नदीचे पाणी उलटे शिरणार नाही. पण थर्माकोलचा एक तुकडा अडकला तरी झडप मिटत नाही, म्हणून पुढे जाळी लावा आणि जूनपूर्वी ती साफ करा. झडप मिटल्यावर तळे भरत जाते, पंप हवाच.

सांडपाण्याचे गणित वेगळे. दोनशे माणसे, माणशी १०० लिटर, म्हणजे दिवसाला २० घनमीटर. माणशी दोन चौरस मीटर धरून शुद्धीकरणाच्या पाणथळीचे, खडीने भरलेले, प्रत्येकी २० × १० मीटरचे दोन वाफे करा. एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालतो, मात्र तेवढ्या काळात त्याच्यावर ताण पडतो. १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी ६० सेंटिमीटर भरायची. ती सुमारे ८५ ब्रास लागते. दोन्ही टोकांना अर्धा मीटर ४०–८० मिलिमीटरचे दगड. पाणी अर्धा मीटर उंच आणि पोकळी ४० टक्के धरली तर ते वाफ्यांत चार दिवस थांबते. तळाला एक टक्का उतार द्या. काळ्या मातीच्या भरवशावर राहू नका. वाळली की ती भेगाळते, म्हणून खाली प्लास्टिकचे जाड अस्तर हवे. लागवड कर्दळ, पाणकणीस, वेखंडाची. जलपर्णी आणूच नका.

बिघाड बहुतेक इनलेटपाशी, म्हणजे पाणी वाफ्यात शिरते तिथे होतो. वाफ्यांच्या आधीच्या सेप्टिक टाकीतला गाळ उपसला नाही तर तो खडीत जातो, पोकळ्या बुजतात आणि पाणी वर साचते. धुऊन न घेतलेल्या खडीची पूडही हेच करते. वाफे निळ्या रेषेच्या वरच ठेवा, नाहीतर एका पुरात खडी गाळाने भरेल. पुराचा इशारा आला म्हणून सेप्टिक टाकी रिकामी करू नका, ती तरंगून पाइप तोडते.

प्रश्न : डास होतील का?

उत्तर : पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली ५ ते १० सेंटिमीटर ठेवले तर नाही. त्यासाठी आउटलेटला फिरता एल्बो (काटकोनी पाइप) बसवा; तो वाकवला की पातळी उतरते.